दमणीला मोटारीची चाके

मोहतळ तांडा, महागावजवळ,
दि. ५ मार्च १९६२

परमपूज्य भाऊजी श्री. धनसिंगजी यांच्या पायांशी,

आपला धाकटा मेहुणा भावसिंग देवीलाल याचा वाकून, कमरेतून पुरता वाकून रामराम. इकडे आम्ही सर्व बरे आहोत. तिकडे आपणही बरे असाल असे धरून चालतो, कारण काही वाईट असते तर आपल्या तांड्याचा कोणी ना कोणी ते सांगायला महागावच्या बाजारात मला शोधत आलाच असता. उजव्या गुडघ्याचे कसे काय? एरंडेल चोळून उन्हात बसणे चालू ठेवावे, लोक हसले तरी ठेवावे. म्हैस व्याली असे ऐकले. वगार झाली की हेला ते कळवावे. हरभरा कसा उतरला तेही कळवावे. आमचा बरा उतरला. (बरा म्हणजे घरापुरता.)

पुढे जाण्याआधी वाचनाची रीत सांगतो. आपण चौथी शिकलेले असल्यामुळे पत्र आपणच वाचणार आणि मोठ्याने वाचणार. बाई, म्हणजे माझी थोरली बहीण आणि आपली घरधनीण, आपल्याकडे पाठ करून बसेल, हातात सुई आणि आरसे घेईल आणि पत्र शेजारच्या तांड्याला आले आहे असा चेहरा करील. तिला बोलावू नये. तिला ऐकू येते. तरी विनंती अशी की, मी जे कंसात लिहीन ते आपण मनात वाचावे आणि बाकीचे मोठ्याने. शाळेत मास्तरांनी कंस म्हणजे काय ते शिकवले होते, पण त्याचा उपयोग मला आज पहिल्यांदा कळतो आहे.

पत्र लिहिण्याचे कारण म्हणाल तर कारण काहीच नाही. मागणे नाही, तक्रार नाही, मन दुखावले वगैरे तर मुळीच नाही. (आहे. पुढे लिहितो.) मागे मी आपल्याकडे आलो त्या दिवशी आपण पुसदला प्रचाराची सभा ऐकायला मुक्कामाने गेला होता. त्यामुळे माझ्या बैलांच्या दमणीच्या नव्या चाकांविषयी आपल्याला एकाच बाजूने कळले असणार, आणि ती बाजू रागीट आहे. दुसरी बाजू कळावी एवढ्यासाठीच हे पत्र.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. मागच्याच्या मागच्या दिवाळीला बाईला आणले तेव्हा नऊ कोसांच्या वाटेत तिची कंबर अशी धरली की दोन दिवस ती विटा तापवून शेकत होती, आणि उठल्यावर पहिले वाक्य बोलली ते हे की, आता मला माहेरी न्यायचे तर पालखी आण. ती थट्टेने बोलली हे मला कळते. पण श्रावणात आपला उत्तमसिंग जन्मला. दोन मुलींच्या पाठीवर, अकरा वर्षांनी. होळीला त्याचा धुंड करायचा, पहिल्या होळीचे कौतुक, आत्याच्या मांडीवर. यंदा आमच्या तांड्यात वर्षाच्या आतली आणखी तीन मुले आहेत, चौघांचा धुंड एकदम होणार, सगळा तांडा एकेका दारात होळीची लेंगी गाणी गात येणार, आणि त्या तिन्ही मुलांच्या आत्या येणार हे आत्ताच पक्के आहे. एकीचे तर सामानही येऊन पडले आहे. माझ्या मुलाला आत्या एकच. आणि आई-बा गेल्यापासून बाईला माहेर म्हणून जे उरले ते म्हणजे मी, माझी बायको सोनी आणि ती दमणी. तेव्हा मी ठरवले की बाईला आणीन ते असे आणीन की पाण्याचा भरलेला गडवा मांडीवर ठेवला तरी सांडणार नाही.

आपले पुरखे देशभर मीठ आणि धान्य वाहत हिंडले ते बैलांच्या पाठीवर. मास्तर म्हणायचे, त्यांना गाडीचे चाक लावायची बुद्धी झाली नाही. मला आता वाटते, बुद्धी झाली होती, म्हणूनच लावले नाही. आपल्या कुळात पहिले चाक आणले ते आमच्या बाने, बाईच्या लग्नाच्या वर्षी. बाभळीचे आरे, लोखंडी धाव, आणि डाव्या चाकाला असा आवाज की दीड कोसावरून कुत्री उठून बसत. कुंईऽऽ करून वर चढायचा आणि ठक्‌ करून खाली पडायचा. मला लहानपणापासून वाटायचे की आमचा म्हातारा वंगणाच्या बाबतीत चिकट आहे. बा गेल्यावर दमणी माझ्याकडे आली, तेव्हा मीही त्या चाकाला वंगण दिले नाही. उद्या देऊ, उद्या देऊ म्हणत बारा वर्षे गेली. (हा आळस. सोनीने पुष्कळदा सांगितले.)

तर मोटारीच्या रबरी चाकांवर गाडी कशी लोण्यावरून चालल्यासारखी चालते, हे मी महागावात एका मालाच्या गाडीवरून पाहिले आणि फकिराकडे गेलो. फकिरा महागावात सायकली आणि तेलाची इंजिने दुरुस्त करतो. एकदा त्याने एका डॉक्टरचे घड्याळही दुरुस्त केले होते. (डॉक्टरला ते अजून परत मिळालेले नाही.) त्याने मला एका जिनवाल्या शेठजींच्या आवारात नेले. तिथे लिंबाखाली एक मोटार नऊ वर्षे उभी होती. दारे नव्हती, काच नव्हती, मागल्या गादीवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती आणि आम्हाला पाहून ती अशी ओरडली की जणू मोटार तिच्या नावावर आहे. चार चाकांपैकी धडधाकट निघाले एक. दुसरे फकिराने कुठूनशा मिलिटरीच्या मोडक्या जीपचे आणले. दोन वेगळ्या मोटारींची चाके एका दमणीला कशी चालतील, असे मी विचारले. तर फकिरा म्हणाला, रबर ते रबर. जीपचे चाक जरा मोठे होते. (चार बोटे.) शिवाय ज्या लोखंडी थाळीवर ते बसवायचे तिला पाच खिळे आणि चाकाला पाच भोके, पण एकाचे अंतर दुसऱ्याला जुळेना. सकाळपासून दुपारपर्यंत ठोकठोक केल्यावर तीन जुळली. मी म्हटले, उरलेल्या दोनांचे काय? फकिरा हात पुसत म्हणाला, "पाचातून तीन आले म्हंजे बहुमत झालं, भावसिंगभाऊ. बहुमतावर सरकार चालते, तं तुमची दमणी काहून नाही चालत?" निवडणुकीचे दिवस होते. मला ते पटले. बाची जुनी चाके फकिराने मजुरीपोटी ठेवून घेतली, आणि ती घेऊन आता कोण करणार काय, असे म्हणत मी हसत हसत ती त्याला उचलूनसुद्धा दिली. (हे वाक्य लिहिताना आता मला हसू येत नाही.)

दमणी उजवीकडे चार बोटे उंच आणि डावीकडे कललेली अशी तयार झाली. सोनीने तिला लांबून पाहिले आणि म्हणाली, ही कान लावून काहीतरी ऐकते आहे असे वाटते. मी तिकडे लक्ष दिले नाही. उंच बाजूला बाईसाठी सरकीची नाही, खऱ्या कापसाची नवी गादी घातली आणि पहाटे निघालो. चाके इतकी मऊ चालली की बैल घाबरले. राज्या आणि चांद्या यांच्या पाठीमागे इतकी वर्षे एक आवाज असायचा. तो नाही म्हटल्यावर ते दर शंभर पावलांवर थांबत आणि मान वळवून बघत, की हा माणूस मागे आहे का वाटेत सांडला. मी प्रत्येक वेळी हात वर करून त्यांना दिसत असे, मग ते पुढे निघत. टेकडीच्या उतारावर मात्र वेगळेच झाले. लाकडी चाक उतारावर स्वतःला आवरून धरते, रबरी चाकाला तेवढी समज नाही. दमणी बैलांना मागून ढकलू लागली. आमचे बैल जन्मभर गाडी ओढायला पळाले, त्या दिवशी गाडीपासून जीव वाचवायला पळाले. आम्ही चौघे (मी, दोन बैल आणि गादी) थांबलो ते कोणाच्या तरी तुरीच्या शेतात. तुरी कापणारी माणसे धावत आली आणि टायर बघून एकदम नमस्कार करू लागली. रबरी चाकांवर त्यांच्या गावात माणूस येतो तो पाच वर्षांतून एकदा आणि मत मागायलाच. मी मत मागितले नाही. पण त्यांनी विहिरीविषयी विचारले तेव्हा मी नाहीही म्हटले नाही. (विहिरीचे आश्वासन देऊन आलो आहे. त्या वाटेने आता जाता येत नाही.)

असा मी दुपारी आपल्या पळसपाणी तांड्यात पोचलो. भाऊजी, पोचलो हे कोणालाच कळले नाही. पूर्वी काय व्हायचे ते आपण वीस वर्षे पाहता आहात. मी नाल्यापलीकडे असतानाच डावे चाक वाजे, आणि बाई हातातले काम टाकून तांड्याच्या तोंडाशी पळसाखाली येऊन उभी राही. मी दिसेपर्यंत तिचा गळा भरून आलेला असे. म्हाताऱ्या हंसाबाईपासून सगळ्या बायका भोवती जमलेल्या असत, आणि मी खाली उतरलो की बाई माझ्या गळ्यात पडून आपल्या रीतीप्रमाणे सूर लावून रडे. कोण गेले, कोण जन्मले, आई कशी होती, बा कसा होता, मागच्या खेपेपासून किती पुनवा होऊन गेल्या, सगळे त्या रडण्यात येई. ते झाले की डोळे पुसून ती मला पहिली शिवी देई, इतका वाळलास कसा म्हणून. मग भेट झाली.

या वेळी पळसाखाली कोणी नव्हते. फुले तेवढी पडलेली होती. मी दमणी सोडली, तरी कोणी नाही. कुत्रे झोपलेले. घरामागे गेलो तर बाई पाठमोरी बसून गोवऱ्या थापत होती. (इथे मी जे केले ते माझ्या वयाच्या माणसाने करायला नको होते.) मला वाटले, गंमत करावी. हळूच मागे जाऊन उभा राहिलो आणि कानाशी म्हटले, "बाई!" ती अशी किंचाळली की हंसाबाई काठी घेऊन धावली, आणि हातातली ओली गोवरी माझ्या तोंडावर बसली. फेटाही नवा होता. चोर नाही, भाऊ आहे हे ओळखल्यावर तिने सूर लावायचा प्रयत्न केला. खरेच केला. गळ्यात पडली, पहिला शब्द उचलला, तेवढ्यात तिला माझ्या मिशीवरचे शेण दिसले आणि ती हसली. हंसाबाईने तोंडावर पदर धरून पुन्हा सूर धरून दिला. पुन्हा हसू. तीनदा असे झाले. एकदा हसून घेतल्यावर रडू येत नाही, भाऊजी, आणि न रडता भेट होत नाही. मलाही तेव्हा हसूच आले. गोष्ट किती बिघडली आहे ते मला कळलेच नाही.

मग तिने दमणीला एक फेरी घातली. चाकांना हात लावला नाही. बाची चाके कुठे, एवढेच विचारले. मी मोठ्या ऐटीत सांगितले की ती कटकट गेली एकदाची, आता ही बघ, आली गेली कोणाला समजणार नाही. ती तिथेच जोत्यावर बसली आणि तिने मला सांगितले ते मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बा तिला न्यायला आला तेव्हा ती शेतात होती. सासरी नवी. कोणी तिला निरोप दिला नाही. बा दिवस मावळेपर्यंत पळसाखाली बसून राहिला आणि ती शेतात रडत होती की आपल्याला कोणी न्यायला येत नाही. त्या दिवसापासून बाने डाव्या चाकाला वंगण दिले नाही. म्हणाला, पुढच्या खेपेपासून तुला सगळ्यांच्या आधी कळेल. (बाने मायेने दिले नाही आणि मी आळसाने दिले नाही. आवाज तोच येत राहिला, आणि ती बिचारी बारा वर्षे समजत राहिली की भावालाही माया आहे. माया आहेच, पण ती मला आता सिद्ध कशी करता येईल?)

हे सांगून झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मारो भिया आयो कोनी." माझा भाऊ अजून आलेला नाही. मी समोर उभा. मराठीत लिहिले की या वाक्याचा राग निम्मा उतरतो, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिले. मग तिने मला पाहुण्याला वाढतात तसे जेवायला वाढले. घासलेल्या लोट्यात पाणी दिले. तूप वाढले. वाळलास म्हणाली नाही, एवढ्या उशिरा काय म्हणून आलास म्हणाली नाही, एक शिवी दिली नाही. माझ्या आयुष्यात मला इतक्या मानाने कोणी वागवले नसेल, आणि मी जेवण निम्मे सोडून उठलो. (हे कंसात घालायचे राहिले असे समजून पुढचे मागचे सगळे कंसातच धरावे. नाहीतर जेवण सोडून उठल्याचे वाक्य येईल तेव्हा आपण खोकावे.)

खुंटीवर उत्तमसिंगची टोपी टांगलेली होती. तिने स्वतः शिवलेली, कवड्या आणि आरसे लावलेली, एका बाजूचे आरसे लावायचे राहिलेले. मी विचारले, नेऊ का. ती म्हणाली, भाऊ आला की त्याच्याबरोबर येईन आणि माझ्या हाताने घालीन. सकाळी मी निघालो तेव्हा तिने भाकरी बांधून दिली आणि परक्या माणसाला सांगतात तसे सांगितले, उतारावर सांभाळून.

परत येताना फार सुरेख आलो. जराही धक्का नाही. (बाईसाठी घातलेली गादी रिकामी होती, आणि दमणी कललेली. उंच बाजूवरून ती सारखी घसरून खाली येई, आणि मी ती उचलून पुन्हा वर लावी. नऊ कोस हेच केले. खाली राहू दिली असती तरी चालले असते, पण ती जागा बाईची होती.) आमच्या तांड्यातही मी आलो ते कोणाला कळले नाही. दोन्ही मुली आत्याला घ्यायला वाटेवर बसून बसून घरी गेल्या होत्या. मी सगळ्यांना सांगितले की बाई तुरीच्या कामात आहे, होळीला येणार.

तर एकंदरीत ही अशी हकिकत आहे. चाके उत्तम आहेत, ज्याला शक्य असेल त्याने जरूर लावावीत. बाईच्या रागाचे मी मनावर घेतलेले नाही. ती न आली तरी धुंड थांबत नाही. तीन आत्या आहेतच तांड्यात, त्यातली एखादी आपल्याही मुलाला मांडीवर घेईल. गुडघ्याला जपावे. लहानांना आशीर्वाद, हंसाबाईला दंडवत, म्हशीलाही विचारले म्हणून सांगावे.

आपला आज्ञाधारक,
भावसिंग

ता. क. पहिला. (मनात वाचावा.) चाके उत्तम आहेत असे वर लिहिले ते मोठ्याने वाचण्यासाठी लिहिले आहे. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी जीपचे चाक फुटले. आवाज असा झाला की तांड्यातली तिन्ही लहान मुले एकदम रडली. चौथा आपला, तो हसला. जुळलेल्या तीन भोकांपैकीही एक फाटले, म्हणजे फकिराचे बहुमत गेले. सध्या दमणी चार दगडांवर उभी आहे आणि तिच्यात आमची एक कोंबडी अंड्यावर बसली आहे. मी जवळ गेलो की ओरडते.

ता. क. दुसरा. (हाही मनात.) मी बाची चाके परत आणायला फकिराकडे गेलो. ती त्याने खडकीच्या किसनरावाच्या बंडीला लावून दिली होती. खडकी म्हणजे आपल्या पळसपाणीपासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांची बाजाराची वाट आपल्या नाल्यावरूनच जाते. परवा मी पायी खडकीला गेलो. बाईला भेटलो नाही, कोणत्या तोंडाने भेटणार? बांधाबांधाने गेलो. किसनराव भला माणूस आहे. मी चाकांचा विषय काढायच्या आत त्यानेच मला विचारले, आणि तो काय बोलला ते जसेच्या तसे लिहितो:

"तुमची बहीण हाय ना पळसपाणीच्या तांड्यात? पयल्या बाजाराले मी नाल्यातून वर चढलो तं एक बाई हात पुसत पळत आली. मले वाटलं, बाजारातून काही मंगाचं असंन. मी बंडी थांबवली. तिनं बंडी पाह्यली, मले पाह्यलं, अन् काही न बोलता वापस गेली. दुसऱ्या बाजारालेही आली, पळसाखाली उभी राह्यली. मंग हंसाबुढीनं मले सांगतलं, का हे चाकं कोनाचे होते. मी त्या डाव्या चाकाले वंगण देनार होतो, भाऊ. डबा घेऊन बसलोही होतो. काहून तं मलेच समजत नाही, पन हात नाही झाला. गेल्या बाजाराले मातर ते अर्ध्या वाटेतूनच वापस गेली."

आपण त्या वेळी शेतात असता. आपल्याला ती सरपणाला गेले होते म्हणून सांगत असेल.

ता. क. तिसरा. (हाही मनात, आणि खरे पत्र हेच. वरचे सगळे याला हात घालायची हिंमत होत नव्हती म्हणून लिहीत बसलो.) किसनरावाच्या कापसाच्या खेपा होळीपर्यंत चालणार, म्हणून चाके तो आत्ता काढून देऊ शकत नाही. पण होळीच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला तो बंडी मला देतो म्हणाला. मी आदल्या दिवशी राज्या आणि चांद्याला घेऊन खडकीला मुक्कामाला जाईन, सकाळी त्यांना त्या बंडीला जुंपीन आणि नाल्याच्या वाटेने येईन. बैलांनाही बरे वाटेल. बंडीत कडबा घालीन, त्यावर चार गाद्या घालीन, तरी कंबर धरणारच. त्याला इलाज नाही, विटा तापवून ठेवायला सोनीला सांगितले आहे. आपल्याला विनंती एवढीच की त्या दिवशी आपण शेतात जाऊ नये. हंसाबाईला सांगून ठेवावे, बायका पळसाखाली जमवाव्यात, सूर तिने धरून द्यावा. मी तोंड धुऊन येईन. बाईला मात्र यातले काही सांगू नये, असे मी लिहिणार होतो. पण भाऊजी, गेल्या वेळी ती अर्ध्या वाटेतून परत गेली. या वेळी ती उठलीच नाही तर? आवाज येत राहील आणि ती गोवऱ्या थापत बसेल, तर मी नाल्यातून वर येऊन काय करू? म्हणून खाली चार ओळी लिहितो. (शाई पसरली आहे ती उत्तमसिंगने पाणी सांडल्यामुळे. तो सध्या झोपला आहे, तरी त्यानेच.)

ता. क. चौथा. हा मोठ्याने वाचावा, आणि सावकाश वाचावा.

बाई, मी भावसिंग. उत्तमसिंगचे डोके मोठे आहे, टोपी जरा सैल ठेव. होळीच्या आधीच्या बाजाराला सकाळी नाल्यापलीकडे डावे चाक वाजेल. तुला वाटेल, किसनरावाची बंडी आहे, बाजाराला चालली आहे. तीनदा तसे झाले हे मला कळले आहे. तरी हातातले टाक आणि अजून एकदा, पळसापर्यंत पुरती, उठून ये.